मद्यावरील कर, सीमा आणि प्रवासी : पश्चिम भारताच्या अबकारी इतिहासातील एक प्रश्न

१

मद्यावरील कर हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एक चमत्कारिक कर होय. इतर वस्तूंवर कर बसविताना त्यांचा खप वाढावा अशी इच्छा शासनास उघडपणे धरता येते. मद्याच्या बाबतीत मात्र खप घटावा असे बोलावयाचे आणि उत्पन्न वाढावे अशी तजवीज करावयाची, असा दुहेरी संसार शासनास करावा लागतो. ‘जास्तीत जास्त उत्पन्न, कमीत कमी खप’ हे ब्रिटिश अमदानीतील अबकारी खात्याचे प्रसिद्ध सूत्र या दुहेरी संसाराचेच शास्त्रीय नाव होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन हेतूंच्या जोडीस तिसरा एक हेतू येऊन बसला. तो म्हणजे पर्यटन. परमुलखातून येणारा पाहुणा मद्याची सोय असल्याखेरीज येणार नाही, किंवा मद्य महाग असल्यास दुसरीकडे जाईल, ही भीती तेव्हापासून मद्यविषयक धोरणाच्या प्रत्येक चर्चेत डोकावू लागली.

ही भीती कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मद्यावरील करामुळे प्रवासी हलतो काय, आणि हलत असल्यास कोणता प्रवासी हलतो, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी मुंबई इलाखा, पुढे महाराष्ट्र, आणि त्याच्या दक्षिणेस व उत्तरेस असलेले गोवा व दमण हे पूर्वीचे पोर्तुगीज मुलूख यांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. एकाच किनाऱ्यावर, पुष्कळ अंशी एकाच प्रकारच्या लोकांमध्ये, मद्यावरील दोन भिन्न करपद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. एवढी सोईची तुलना अभ्यासकास सहसा मिळत नाही.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते असे आम्हांस वाटते. मद्याची किंमत माणसांना हलविते ती तिच्या उंचीमुळे नव्हे, तर सीमेच्या दोन बाजूंस असलेल्या तिच्यातील अंतरामुळे. हे अंतर हलविते ते शेजाऱ्यास; दूरच्या पाहुण्यास नव्हे. असे असूनही सवलती देताना नाव घेतले जाते ते दूरच्या पाहुण्याचे, आणि भार पडतो तो घरच्या गरिबावर.

२

‘अबकारी’ हा शब्द फारसी असून मद्य गाळण्याचा धंदा व त्यावरील कर असे दोन्ही अर्थ तो वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई इलाख्यातील अबकारीचे उत्पन्न बहुतेक मक्त्याने वसूल होत असे. मक्तेदार ठरावीक रक्कम सरकारात भरी आणि आपल्या हद्दीत दारू गाळण्याचा व विकण्याचा अधिकार मिळवी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवस्थेस निराळे वळण दिले. भट्ट्या एकत्र आणणे, गाळलेल्या दारूवर तिच्या तीव्रतेप्रमाणे शुल्क घेणे, ताडी-माडी काढण्याच्या झाडांवर कर बसविणे आणि विक्रीस परवान्याचे बंधन घालणे, हे या नव्या पद्धतीचे मुख्य घटक होते. तिचे शिल्पकार म्हणून चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे नाव घेतले जाते.

या पद्धतीचा खरा शत्रू मद्यपी नव्हता; खरा शत्रू सीमा होती. मुंबईच्या मुलखात दारू महाग करावी तर गोव्यात ती स्वस्त होती. माडाची आणि काजूची दारू गाळणे हा तेथील घरोघरचा उद्योग होता, आणि सह्याद्रीचे घाट व कोकणच्या खाड्या यांवर पहारा ठेवणे दुरापास्त होते. म्हणूनच २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहाकडे अबकारीच्या अभ्यासकाने विशेष लक्ष दिले पाहिजे. या तहाची आठवण सामान्यतः मुरगावचे बंदर आणि लोहमार्ग यांच्या संदर्भात काढली जाते. परंतु त्याने दोन्ही मुलखांतील जकातीची सीमा काढून टाकली, गोव्यातील मिठाचा व्यवसाय ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली आणला आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल ४ लाख रुपये देण्याचे ठरविले. शिवाय ब्रिटिश पद्धतीची अबकारी व्यवस्था गोव्यातही लागू झाली. स्वतःच्या मुलखातील कर टिकविण्यासाठी शेजाऱ्याच्या मुलखातील किंमत वर चढविणे, हा त्यातील भाग होता.

गोव्यातील माडी काढणाऱ्यांना व छोट्या भट्टीवाल्यांना हा नवा कर जाचक झाला. इकडे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतही झाडांवरील करामुळे भंडारी व ताडी-माडीवर अवलंबून असलेल्या इतर लोकांत असंतोष पसरला. १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने हिंदुस्थानच्या अबकारी धोरणावर ठपका ठेवणारा ठराव संमत केला. तहाची मुदत १८९२ च्या आरंभी संपली, तो पुढे चालविला गेला नाही, आणि जकातीची सीमा पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी मुंबई सरकारने मोहाच्या फुलांविषयीचा कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. जंगलात आपोआप गळून पडणारे फूलही परवान्याच्या कक्षेत आले. करामुळे किंमत वाढली की बेकायदा भट्टी पेटते, आणि भट्टी विझविण्यासाठी कायद्याचे जाळे आणखी पसरावे लागते, हा क्रम येथे प्रथमच इतक्या उघडपणे दिसतो.

या काळात पर्यटन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. तरीही पुढील सर्व नाट्याचे मूळ येथे आहे. मद्याची किंमत एका सरकारच्या हाती नसते, शेजारचे सरकार ती नकळत ठरवीत असते, हा धडा १८७८ सालीच मिळालेला होता.

३

अबकारीविरोधी भावनेस राष्ट्रीय चळवळीने धार आणली. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर स्वयंसेवक उभे राहिले, आणि टिळकांनी या चळवळीस पाठबळ दिले. ज्या सरकारला दारूचे उत्पन्न हवे आहे ते सरकार परके आहे, ही गोष्ट सामान्य माणसास पटवून देण्याचा तो एक सोपा मार्ग होता. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसविण्यात आला. मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झाल्याने हा प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने, औषधी उपयोग वगळता, मादक पेयांची बंदी हे राज्यांच्या प्रयत्नांचे एक उद्दिष्ट म्हणून नोंदविले. मद्यावर उत्पादन शुल्क बसविण्याचा अधिकार मात्र सातव्या परिशिष्टाने राज्यांच्याच हाती ठेविला. बंदीचे उद्दिष्ट आणि कराचा अधिकार एकाच हाती असावा, ही घटनेतील एक बोलकी जागा आहे.

१९४९ च्या कायद्याचे वैशिष्ट्य त्याच्या बंदीपेक्षा त्याच्या अपवादांत अधिक आहे. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना, लष्करी भोजनगृहांना सूट, परकीय राजप्रतिनिधींना सूट, परदेशांतून आलेल्या पाहुण्यांना परवाना, अशी अपवादांची एक पायरीच या कायद्यात रचलेली होती. कायद्याच्या वैधतेचा प्रश्न ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५१ च्या निर्णयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांविषयीच्या काही तरतुदी रद्दबातल ठरविल्या. पाहुण्यांना परवाना देण्याच्या तरतुदी मात्र विषमतेच्या मुद्द्यावर रद्द झाल्या नाहीत. रहिवासी आणि पाहुणा हे मद्याच्या बाबतीत दोन भिन्न वर्ग आहेत, ही कल्पना अशा रीतीने कायद्यात स्थिरावली.

या कल्पनेचे महत्त्व कमी लेखू नये. ज्या पेयामुळे रहिवाशाच्या संसाराची धूळधाण होते असे कायदा सांगतो, तेच पेय पाहुण्याच्या हाती गेले म्हणजे आतिथ्याचा भाग बनते. पाप आणि पाहुणचार यांतील फरक येथे पिणाऱ्याच्या पत्त्यावर अवलंबून राहतो. तत्त्वतः ही विसंगती असली तरी राज्यकारभाराच्या दृष्टीने ती सोईची होती. पाहुण्यासाठी ठेविलेल्या दाराने पुढे सर्वच आत येऊ लागले. १९६० नंतर महाराष्ट्राने आपले धोरण क्रमाक्रमाने सैल केले आणि १९७३ साली देशी दारूच्या विक्रीचे नियम करून तिला पुन्हा परवान्याखाली आणले. बंदीचा कायदा रद्द झाला नाही. तो तसाच राहिला आणि त्याच्यावर परवान्यांची इमारत चढली. उपाहारगृहातील मद्यालयास महाराष्ट्रात आजही ‘परमिट रूम’ म्हणतात. त्या नावात या इतिहासाचा अवशेष जिवंत आहे.

४

मुंबई राज्यात बंदी असताना गोवा व दमण पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तेथे बंदी नव्हती आणि परदेशी मद्यही सहज मिळे. तेव्हा सीमेच्या एका बाजूस मद्याची किंमत कायद्याने जणू अनंत केलेली, तर दुसऱ्या बाजूस ती नेहमीची, असे अंतर निर्माण झाले. एवढे अंतर पडल्यावर चोरट्या व्यापारास आमंत्रण द्यावे लागत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. राजकीय सीमा पुसली गेली, परंतु कराची सीमा राहिली. या केंद्रशासित प्रदेशाने १९६४ साली आपला स्वतंत्र उत्पादन शुल्क कायदा केला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. या कौलाची कारणे भाषिक, धार्मिक व राजकीय होती, आणि ती मद्यापुरती संकुचित करणे अनैतिहासिक ठरेल. तथापि कौलाचा एक परिणाम असा झाला की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा गोव्यास लागू होण्याचा प्रश्न कायमचा मिटला, आणि कराचे अंतर टिकून राहिले. उत्तरेस १९६० साली स्थापन झालेल्या गुजरात राज्याने बंदी चालू ठेविली. परिणामी दमण हे छोटेसे गाव गुजराती पाहुण्यांच्या सुट्टीचे ठिकाण बनले. दमणला समुद्र आहे, किल्ले आहेत, जुनी चर्चे आहेत. परंतु शनिवारी-रविवारी तेथे लोटणाऱ्या गर्दीचे रहस्य केवळ किल्ल्यांत शोधणे भाबडेपणाचे होईल.

गोव्याची गोष्ट दमणपेक्षा निराळी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्य तरुण हणजुणे व कळंगुट येथे येऊ लागले. १९८७ साली जर्मनीहून खास प्रवासी विमाने येण्यास प्रारंभ झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईकरास गोवा एका रात्रीच्या अंतरावर आला. या सर्व काळात गोव्याने मद्यावरील शुल्क शेजाऱ्यांच्या तुलनेने कमी ठेविले. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली राज्याने तिला वारशाच्या पेयाचा दर्जा दिला. ज्या घरगुती भट्टीवर १८७८ चा तह घाला घालीत होता, तीच भट्टी सव्वाशे वर्षांनंतर पर्यटकास दाखविण्याची वस्तू झाली.

५

आता मूळ प्रश्न तपासून पाहू. मद्य स्वस्त असल्यामुळे गोव्यास पाहुणे येतात काय? गोव्याच्या यशात मद्याच्या किमतीखेरीज समुद्रकिनारा, वास्तुशिल्प, संगीत, अन्न, विमानसेवा अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत. म्हणून कराचा परिणाम वेगळा काढावयाचा तर कर बदलला आणि बाकीचे फारसे बदलले नाही, किंवा कर स्थिर राहिला आणि पाहुणे बदलले, अशी उदाहरणे शोधावी लागतात. अशी तीन उदाहरणे पुढे मांडली आहेत. त्यांपैकी पहिले युरोपातील असून, तेथे कर बदलल्याच्या तारखा नेमक्या ठाऊक असल्यामुळे ते येथे घेतले आहे.

फिनलंड या देशात मद्यावरील कर परंपरेने जबर होता. १ मे २००४ रोजी समोरचा इस्टोनिया युरोपीय संघात आला. हेलसिंकी ते टॅलिन हे अंतर सुमारे ८० किलोमीटर असून मधला समुद्र दोन-तीन तासांत ओलांडता येतो. संघातील देशांतून स्वतःच्या वापरासाठी मद्य आणण्यावरील मर्यादा त्या वर्षाच्या आरंभीच उठलेल्या होत्या. लोक स्वस्त मद्यासाठी पलीकडे लोटतील या धास्तीने फिनलंडने १ मार्च २००४ पासूनच आपला मद्यकर सरासरी ३३ टक्क्यांनी उतरविला. परिणाम असा झाला की खप वाढला, आणि २००५ साली काम करण्याच्या वयातील पुरुषांच्या मृत्यूचे मद्यजन्य आजार व अपघात हे अग्रगण्य कारण ठरले. पुढे कर पुन्हा वाढवावा लागला. गंमत अशी की इस्टोनियाने जुलै २०१७ मध्ये बिअरवरील कर ७० टक्क्यांनी वाढविताच इस्टोनियाचे लोक दक्षिणेस लाटव्हियाच्या सीमेवरील दुकानांकडे वळले, आणि जुलै २०१९ मध्ये इस्टोनियास कर २५ टक्क्यांनी कमी करावा लागला. एका सीमेवरील अंतराने दुसऱ्या सीमेवरील अंतर घडविले. येथे कराने माणसे हलली यात शंका नाही. परंतु हलली ती शेजारची माणसे होती. त्यांचा प्रवास पिशवी भरून परतण्यासाठी होता. त्याला पर्यटन म्हणावयाचे ते केवळ गणनेपुरते.

दुसरे उदाहरण केरळचे. २०१४ साली केरळ शासनाने पंचतारांकित हॉटेले वगळता इतर हॉटेलांतील मद्यालये बंद करण्याचे धोरण स्वीकारले. बिअर व वाईन यांची विक्री मर्यादित स्वरूपात चालू राहिली. पर्यटनाचा नाश होईल असा आक्रोश तेव्हा झाला, आणि २०१७ साली धोरण सैल करताना पर्यटनाचे कारण पुढे केले गेले. मधल्या काळातील परदेशी पाहुण्यांचे आकडे काय सांगतात? २०१४ साली सुमारे ९.२३ लाख, २०१५ साली ९.७७ लाख आणि २०१६ साली १०.३८ लाख परदेशी पाहुणे केरळात आले. पंचतारांकित हॉटेलांची सोय राहिल्यामुळे, तसेच परिषदांसारख्या विशिष्ट व्यवसायावर झालेला परिणाम या आकड्यांत दिसत नसल्यामुळे, यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु दूरचा पाहुणा मद्यालयांच्या संख्येवर आपला प्रवास ठरवितो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही, एवढे म्हणता येईल.

तिसरे उदाहरण खुद्द गोव्याचे. २०१९ साली गोव्यात सुमारे ७१ लाख देशी व ९ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले. २०२४ साली देशी पाहुण्यांची संख्या ९९ लाखांवर गेली, परंतु परदेशी पाहुणे ४.६७ लाखांवरच थांबले. या पाच वर्षांत गोव्यातील मद्य शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्तच होते. ते स्वस्त असूनही परदेशी पाहुण्यांची संख्या निम्म्यावर आली. याची कारणे महासाथ, युद्धे, विमानसेवा, प्रवेशपत्रांची व्यवस्था आणि अन्य देशांची स्पर्धा यांत शोधावी लागतात. हजारो मैलांवरून येणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चात पेल्याची किंमत ही शेवटची बाब असते. शेजारच्या जिल्ह्यातून मोटारीने येणाऱ्या माणसाच्या खर्चात मात्र ती पहिली असू शकते.

या तीन उदाहरणांवरून पर्यटकांचे दोन वर्ग वेगळे काढता येतात. एक, जो स्थळासाठी येतो आणि आल्यावर पितो. दुसरा, जो स्वतःच्या घरच्या कायद्यापासून किंवा करापासून काही काळ सुटका मिळावी म्हणून येतो. पहिल्यावर कराचा परिणाम अल्प होतो. दुसरा सर्वस्वी कराचीच निर्मिती असतो. मात्र ती निर्मिती यजमान राज्याच्या सवलतीने जितकी होते, त्याहून अधिक त्याच्या स्वतःच्या राज्याच्या बंदीने होते. दमणची भरभराट दमणने कमी, गुजरातने अधिक घडविली. अशा भरभराटीस स्वतःचा पाया नसतो. शेजाऱ्याने धोरण बदलले की ती ओसरू शकते. गुजरात शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळील ‘गिफ्ट सिटी’त तेथील कर्मचारी व अधिकृत पाहुणे यांच्यापुरती मद्याची सूट दिली, तीही १९४९ च्याच कल्पनेने : पाहुण्यास मोकळीक, रहिवाशास बंदी.

६

वाईनचा इतिहास या चर्चेत एक नवी बाजू आणतो. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनवरील उत्पादन शुल्क दहा वर्षांसाठी माफ केले, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्याने उभारण्याचे ठरविले. नारायणगावच्या परिसरात ऐंशीच्या दशकातच वाईननिर्मिती सुरू झाली होती. परंतु नाशिकची वाढ या धोरणानंतरची आहे. पुढे विक्रीवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के भाग उत्पादकांस परत देण्याची योजनाही आली. परदेशी वाईनवर केंद्राचे सीमाशुल्क २००७ पासून १५० टक्के होते. तेव्हा एका बाजूस परकीय मालापुढे उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूस देशी मालास करमाफी, अशा दुहेरी आधारावर हा उद्योग उभा राहिला.

यातून जे पर्यटन निर्माण झाले ते वर सांगितलेल्या दोन्ही वर्गांत नीट बसत नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळे पाहावयास येणारा मुंबई-पुण्याचा पाहुणा स्वस्त पेल्यासाठी येत नाही. मळ्यातील वाईन त्याला शहरातील दुकानापेक्षा स्वस्त मिळते असेही नाही. तो येतो ते मळा, हवा आणि द्राक्षे तुडविण्याचा सोहळा यांसाठी. करमाफीने पाहुण्याची पेयाची किंमत उतरविली, यापेक्षा तिने उत्पादकास मळा, तळघर व विश्रामगृह यांत भांडवल घालण्याचे धैर्य दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. तेव्हा सवलतीचा परिणाम पर्यटनावर झालाच असेल तर तो किमतीच्या वाटेने नव्हे, स्थळाच्या वाटेने झाला. सीमेवरील अंतरावर उभे राहिलेले पर्यटन आणि स्थळावर उभे राहिलेले पर्यटन यांतील भेद येथे विशेष स्पष्ट होतो.

वाईनच्या सवलतीचे समर्थन मात्र निराळ्याच भाषेत झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नाचे कारण पुढे केले गेले, आणि वाईन म्हणजे दारू नव्हे असाही युक्तिवाद झाला. विरोध तीव्र झाला आणि निर्णय अंमलात आला नाही. द्राक्षांच्या प्रचंड पिकापैकी अगदी अल्प भाग वाईनकडे जातो आणि वाईनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून सामान्यतः निराळ्या जातींची असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर मांडलेला हा युक्तिवाद किती लांब नेता येईल ते दिसते. पाहुण्याच्या जागी शेतकरी आला. रचना तीच राहिली.

७

या सर्व सवलतींच्या दुसऱ्या टोकास कोण उभा आहे, हे पाहिल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात केलेल्या स्कॉच व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. इतर राज्यांशी किमती जुळाव्यात आणि चोरटी आयात थांबावी, हे त्याचे कारण देण्यात आले. १८७८ सालचे तत्त्व येथे उलट दिशेने लागू झाले. तेव्हा शेजाऱ्याची किंमत वर चढविता आली. आता ती चढविण्याचे सामर्थ्य नसल्याने स्वतःची किंमत उतरवावी लागली. वस्तू व सेवा करातून मानवी सेवनाचे मद्य वगळलेले असल्यामुळे प्रत्येक राज्याची हद्द ही मद्यापुरती आजही जकातीची हद्द आहे. सिंधुदुर्गातील इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तपासल्या जातात त्या याच कारणाने.

जून २०२५ मध्ये याच राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क, लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितिमूल्य असलेल्या मालापुरते, निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले. धान्यापासून राज्यातच बनविलेल्या मद्याचा एक नवा प्रकार ठरवून त्याच्या १८० मिलीलिटरच्या बाटलीची किमान किंमत १४८ रुपये ठेवली. म्हणजे आयात केलेल्या महाग मद्याचे शुल्क निम्म्यावर आले आणि चार वर्षांच्या आत सामान्य माणसाच्या मद्यावरील शुल्क दीडपट झाले. दोन्ही निर्णयांस स्वतंत्र कारणे असतील. परंतु सीमा ओलांडू शकणाऱ्या ग्राहकास सवलत आणि जो ओलांडू शकत नाही त्याच्यावर वाढ, हा क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटू नये.

ज्याला सीमा ओलांडता येत नाही, तो काय करतो? तो हातभट्टीकडे वळतो. बंदीच्या काळात मुंबईत तो वळला, आणि मोहाच्या फुलांवर बंधने आली तेव्हा ठाण्याच्या जंगलातही वळला. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. ती बहुतेक मोलमजुरी करणारी होती. त्यांच्या दृष्टीने गोवा फार दूर होता, आणि परवान्याची दारूही महाग होती.

यावरून मद्यावरील कर उठवावा असा निष्कर्ष निघत नाही. फिनलंडचा अनुभव त्याच्या नेमका विरुद्ध आहे : कर उतरला की खप वाढतो, आणि मरणारी माणसे तेथीलच असतात. निष्कर्ष निघतो तो निराळा. पर्यटनाच्या नावाने कर उतरविण्याचा प्रस्ताव जेव्हा पुढे येईल, तेव्हा तो कोणत्या पाहुण्यासाठी आहे हे प्रथम विचारले पाहिजे. दूरच्या पाहुण्यासाठी असेल, तर तो अनावश्यक आहे, कारण तो पाहुणा पेल्याच्या किमतीवर हलत नाही. शेजारच्या पाहुण्यासाठी असेल, तर ती शेजाऱ्याशी लावलेली स्पर्धा आहे, आणि तिचा शेवट दोघांच्याही तिजोरीस व प्रकृतीस अपायकारक होतो. अशा स्पर्धेवर उपाय शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचा असतो. १८७८ च्या तहाने तो ठरविला होता, परंतु एका साम्राज्याच्या सोईसाठी आणि गोव्यातील माडी काढणाऱ्याला न विचारता. समान अधिकाराच्या राज्यांनी, ज्यांच्यावर भार पडणार आहे त्यांचा विचार करून, मद्यावरील करांचे दर एकमेकांजवळ आणण्याचा यत्न पश्चिम भारतात अद्याप व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत मद्याची किंमत सीमेवरच ठरत राहील.